चार मिनिटं, अकरा सेकंद

तुकुमानमधल्या आमच्या सिमोका गावात आता मला कोणीही भेटलं की एकच विचारतं, ‘दोन्या सुल्मा, तिथं पोचल्यावर कसं वाटलं हो?’ दोन्या म्हणजे आमच्याकडचं ‘बाईसाहेब’. पाववाला विचारतो, चर्चमधले फादर विचारतात. गावच्या रेडिओवरची ती बडबडी मुलगी तर माइक घेऊन दारातच उभी राहिली. एकोणसाठ वर्षांची बाई, एम्पानाडा पोचवायची दीडशे सीसीची मोटरसायकल, तुकुमानपासून पार दक्षिण टोकाच्या उशुआइयापर्यंत चार हजारांवर किलोमीटर, आणि तेही एकटी. मी सांगते, फार छान वाटलं, वारा फार होता, माणसं देवासारखी भेटली. ऐकून ते खूश होऊन जातात. मोटरसायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. ती ट्रकनं परत आली, आणि आल्यापासून मी तिला हात लावलेला नाही.

खरं काय झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण लिहिलेलं वाचून कोणी माझी पाठ थोपटायला येत नाही.

एल्बा माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे बोलून बोलून वाढवलं. तिचा नवरा घर सोडून गेला, माझं लग्न झालंच नाही, आणि एका घरात एम्पानाडा करत-विकत आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. मांस सुरीनं बारीक चिरायचं, पारीत भरायचं, कडेला मोजून तेरा मुरडी घालायच्या आणि भट्टीत सारायच्या. करायची ती, पोचवायची मी. मी कधी हात लावलाच तर माझी मुरड भट्टीत हमखास उघडायची आणि सगळा रस बाहेर. बावीस वर्षं मी ते ऐकून घेतलं. ‘तुझ्या हाताला ब्रेक शोभतो गं, कणीक नाही,’ ती म्हणायची. तिच्या तोंडून निघालेलं माझं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच.

मला तिच्याकडून एकदा ऐकायचं होतं. काय ते विचाराल तर नेमकं सांगता येणार नाही. ‘बरं केलंस’ एवढंही चाललं असतं. उशुआइयाला जायचं मी तेवढ्यासाठी ठरवलं असं मी कबूल केलं नसतं, पण मनात तेच होतं. देशाचा रस्ता संपतो तिथपर्यंत जाऊन आल्यावर तरी ही बाई काय म्हणते बघू.

त्या वर्षी एल्बाचे पाय सुजायला लागले होते. हृदय थकलंय, मीठ बंद करा, असं डॉक्टर म्हणाला. ती मीठ खायचीच. डिसेंबरात मी विचारलं, ‘जाऊ का मग?’

‘जा की,’ ती म्हणाली. ‘तू नसलीस तर निदान दार तरी आपटणार नाही कोणी.’

मी तो होकार धरला. मला तो हवाच होता.

निघाले त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिचा निरोप यायचा. आमच्याकडे लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. फोनमध्ये बोलायचं आणि पाठवून द्यायचं. एल्बाचे निरोप तीन-तीन, चार-चार मिनिटांचे. पहिलं मिनिट शिव्यांचं, मग शेजारणीच्या कोंबड्या, मग बाजारात कोण काय म्हणालं ते, आणि मग बोलता बोलता एकदम तुटायचं. कोर्दोबापर्यंत मी ते पूर्ण ऐकले. बाईया ब्लांकाच्या पुढं वारा सुरू झाला. वारा म्हणजे दिवसभर गाडी एका अंगावर कलती धरून चालवायची आणि समोरून ट्रक गेला की देवाचं नाव घ्यायचं. संध्याकाळी हँडलवरून बोटं सोडवून घ्यावी लागायची. अशा वेळी बहिणीच्या शिव्या ऐकायला फार मोठं मन लागतं.

मंगळवारी त्रेलेउच्या पेट्रोल पंपावर तिचा निरोप आला. चार मिनिटं, अकरा सेकंद. मी हेल्मेट काढलं आणि फोन कानाला लावला.

‘अगं ए बिनडोक बाई, चेनला लावायचं ग्रीस पिठाच्या पोत्यावर ठेवून गेलीस ती गेलीस, वर झाकणही लावलं नाहीस! अर्धं पोतं कोंबड्यांना घालावं लागलं. कोंबड्यासुद्धा खाईनात. साठीला आलीस तरी...’

चाळीसेक सेकंद ऐकलं आणि बंद केलं. सहाशे किलोमीटर चालवून आले होते मी त्या दिवशी. लिहून पाठवलं, ‘ऐकलं, ऐकलं. ग्रीसनं कोणी मरत नाही.’ आणि कॉफी प्यायला आत गेले.

बुधवारी मी सुट्टी घेतली आणि पेंग्विन बघायला गेले. हजारो पेंग्विन, माणसाला न घाबरता पायांत येणारे. एक तर माझ्या बुटाची नाडी ओढत होता. त्याचा फोटो एल्बाला पाठवला. उत्तर आलं नाही. म्हटलं, रुसली असेल, पोत्याचं दुःख अजून ताजं दिसतंय.

गुरुवारी संध्याकाळी कोमोदोरोला पोचले तेव्हा यानिनानं लिहून पाठवलं होतं. यानिना म्हणजे एल्बाची मुलगी, माझी भाची, शहरात नर्सिंग करते. ‘मावशी, आईचा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले बोलायचं नाही. ती सांगेल ते मी लिहून पाठवीन.’ आणि खाली लगेच, ‘आज किती झाले? वाऱ्यात जपून चालव. एवढ्या लांब एकटी गेलीस, मला तुझा फार अभिमान वाटतो, सुल्मा.’

मी फुटपाथच्या कडेला बसले. ते वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. मग हेल्मेट डोक्यात घालून काच खाली केली आणि आत मनसोक्त रडले, कारण रस्त्यात रडणारी म्हातारी लोकांना बघवत नाही. अभिमान! एल्बाला! घसा बसल्यावर माणूस सुधारतो म्हणतात तर बसू दे आणखी महिनाभर, असंही मनात आलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. रोज तिचा मजकूर यायचा, आणि एकापेक्षा एक गोड. ‘आईनं तुला बघायला हवं होतं.’ ‘बाजारात सगळ्यांना सांगते मी, माझी बहीण आहे म्हणून.’ आणि रस्त्यावर तर काय विचारता! आमच्या देशात मोटरसायकलवाल्यांचे क्लब गावोगावी आहेत. लांबचा कोणी येतोय असं कळलं की एक क्लब पुढच्याला फोन करतो, कोणी झोपायला गादी देतं, कोणी चेन बघून देतं. तोवर मलाही तसं मिळत होतं. पण गुरुवारनंतर सगळंच वाढलं. अनोळखी धिप्पाड पुरुष येऊन मला घट्ट मिठी मारायचे, आणि मिठी लवकर सुटायची नाही. जेवणाचे पैसे कोणी घेईना. तोल्हुइनच्या बेकरीतल्या पोरीनं माझ्या पिशवीत केक कोंबला आणि डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, माझी कीर्ती पसरली. वाटलं म्हणजे काय, मी तर आरशात बघून केसही नीट करायला लागले होते.

कालेता ओलिविआला बास्को नावाचा एक दाढीवाला भेटला. तो आणि आणखी चौघं मला शहराबाहेरपर्यंत सोडायला आले. पुढं रस्त्याच्या कडेला दिफुंता कोरेआचं छोटं देऊळ आहे. ती बाई वाळवंटात तहानेनं मेली, म्हणून गाडीवाले तिला पाण्याच्या बाटल्या वाहतात. बास्कोनं गाडी थांबवली. सगळ्यांनी हेल्मेट काढली. त्यानं भरलेली बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘तुमच्या हातानं ठेवा, दोन्या.’

मी ठेवली. ‘माझ्या प्रवासासाठी एवढं?’ मी हसून विचारलं.

‘प्रवासासाठीच,’ तो म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

आता इथे मला माझी लाज वाटते, कारण मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच कळायला हवं होतं. क्लबांचा एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही, पण मोडत कोणी नाही. एकट्यानं रस्त्यावर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. पोचू द्यायचं, हेल्मेट उतरवू द्यायचं, गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि मग सांगायचं. दहा-अकरा वर्षांपूर्वी साल्ताकडे घरी परतणारा एक पोरगा आमच्या दारात एम्पानाडा खायला थांबला होता. त्याचा बाप आदल्या दिवशी गेला होता. क्लबचा फोन मला आला होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याला पोटभर वाढलं, वर सहा एम्पानाडा बांधून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. तो खुळा म्हणाला, ‘तुकुमानची माणसं किती दिलदार हो!’ तो गेल्यावर एल्बा म्हणाली होती, ‘हे पाप आहे. मला कोणी असं केलं तर मी भूत होऊन येईन.’ मी म्हटलं होतं, ‘तुला गाडीच कुठं चालवता येते?’

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी त्या सहा एम्पानाडांच्या जागी केक माझ्या पिशवीत पडला तेव्हा मी म्हटलं, किती दिलदार माणसं.

सोमवारी दुपारी उशुआइया आलं. क्लबचा प्रमुख जाड्या मायदाना वेशीवर वाट बघत होता. तिथून आणखी पंचवीस किलोमीटर, लापाताइयापर्यंत, तो आणि तिघंजण माझ्या मागून आले. पुढं कोणी गेलं नाही. शेवटचा रस्ता खडीचा, दोन्ही बाजूंना झाडी, आणि मग एक लाकडी पाटी, रस्ता इथे संपतो म्हणून सांगणारी. पलीकडे पाणी. मी गाडी पाटीजवळ नेली आणि उतरले. मला एल्बाला सांगायचं होतं, बघ. एवढंच मनात होतं, बघ.

तिथं आलेल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. मायदाना जवळ आला.

‘आधी हेल्मेट काढा, दोन्या.’

मी काढलं.

‘आता किल्ली.’

‘बक्षीस देताय की गाडी जप्त करताय?’ मी म्हटलं. तो हसला नाही. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि त्यानं मूठ मिटली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच दिवस उशिरा.

‘कोण?’ मी विचारलं.

‘तुमची बहीण. गुरुवारी पहाटे. शुक्रवारी दफन झालं.’

मी हातातलं हेल्मेट त्याच्या छातीवर घातलं. एकदा, दोनदा. तो जागचा हलला नाही. टाळ्या वाजवणारे मागे सरले.

‘कोणाकोणाला माहीत होतं?’

‘सगळ्यांना.’

‘बास्कोला?’

‘बास्कोलाच पहिला फोन आला.’

‘आणि ती पाण्याची बाटली?’

‘ती तिच्यासाठीच होती, दोन्या. तुमच्या हातानं व्हावी म्हणून.’

‘हरामखोरांनो, मी हसत हसत ठेवली ती! तुम्ही मला पाच दिवस नाचवलंत. मला जायचं होतं तिच्याजवळ!’

‘वाटेतल्या त्या गायेगोसच्या वाऱ्यात ही बातमी घेऊन चालवली असतीत तर तुमच्या भाचीला दोन शवपेट्या घ्याव्या लागल्या असत्या,’ तो म्हणाला. ‘मारा हवं तर आणखी. पण तुमच्या जागी मी असतो तर तुम्हीही हेच केलं असतं.’

केलंच होतं. त्यांच्यावर मला धड चिडताही येत नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

लापाताइयाला फोन लागत नाही. मायदानानं मला आपल्या मागे बसवून शहरात क्लबच्या शेडवर आणलं. बावीस वर्षांत मी कोणाच्या मागे बसले नव्हते. शेडमध्ये माझ्या स्वागतासाठी कोकरू भाजायला लावलेलं होतं. ते आता कोणी काढावं का ठेवावं यावर कुजबुज चालली होती. मी बाहेर ओट्यावर बसले आणि यानिनाला फोन लावला.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘मला शिव्या दे. हव्या तेवढ्या दे.’

‘ते मजकूर कोणाचे?’

‘माझे.’

‘अभिमान बिभिमान?’

‘मीच लिहिलं. पहिला लिहिला तेव्हा ती समोर पेटीत होती, शेजारपाजारचे बसले होते. मला दुसरं काही सुचेना, मावशी. तुला कळलं असतं तर तू वाऱ्यात...’

‘तिनं काहीच म्हटलं नव्हतं? माझ्याबद्दल? एखादं तरी?’

कोकरावरून चरबी निखाऱ्यात ठिबकत होती, तो आवाज मला अजून आठवतो.

‘मग मला काय ऐकायचंय हे तुला कसं कळलं गं?’

‘मावशी, ते सगळ्या घराला माहीत होतं.’

एकोणसाठाव्या वर्षी असं नागडं झाल्यासारखं वाटणं काही बरं नाही. मी तिला वाटेल तसं बोलले. खोटारडी म्हटलं, चोर म्हटलं, माझ्या बहिणीच्या तोंडात शब्द घालणारी तू कोण, असं विचारलं. ती ऐकत राहिली. मग नाक ओढत म्हणाली, ‘ती जास्त त्रास न होता गेली, मावशी, एवढं तरी ऐक. बुधवारी दिवसभर फोन छातीवर ठेवून बसून होती. मी म्हटलं, मावशीला लावू का? तर म्हणाली, नको, तिनं उत्तर दिलंय. काय उत्तर दिलं विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. तुझा पेंग्विनचा फोटो मी तिला दाखवला. बघितला तिनं.’

‘काय म्हणाली?’

‘काही नाही. फोन बंद कर म्हणाली.’

मी यानिनाला म्हटलं, थांब, परत करते.

तो मंगळवारचा निरोप फोनमध्ये तसाच होता. चाळिसाव्या सेकंदावर थांबलेला. मी शेडच्या मागे गेले आणि फोन कानाला लावला.

ग्रीस. पोतं. कोंबड्या. मग शेजारीण, तिचा जावई, त्यानं घेतलेली नवी गाडी. मग खोकला. मग खुर्ची करकरल्याचा आवाज. आणि मग एल्बा, हळू, मी कधी ऐकलाच नव्हता अशा आवाजात.

‘सुल्मा, ऐक. तीन दिवस झाले, मला आडवं होता येत नाही. झोपले की जीव घुसमटतो, म्हणून रात्रभर या खुर्चीत बसते. यानिनाला सांगितलं नाही, ती रडत बसेल. दार आपटणारं कोणी नाही घरात, तर झोपही लागत नाही, काय मेली सवय लागते माणसाला. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. गाडी ठेव तिथंच कुणाकडे तरी आणि विमानानं ये. तुझा रस्ता काही पळून जात नाही, पुढच्या वर्षी परत जा, मी अडवणार नाही. पण आता ये. तू आलीस की मला बरं वाटेल. दोनदा सांगायची नाही मी.’

आणि तुटलं. चार मिनिटं, अकरा सेकंद.

त्रेलेउचा विमानतळ त्या पंपापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होता. बुधवारी सकाळी मी निघाले असते तर संध्याकाळी तिच्याजवळ असते. बुधवारी मी पेंग्विन बघत होते. तिनं उभ्या आयुष्यात एकदा मला ये म्हटलं, आणि मी तिला उत्तर दिलं, ऐकलं, ऐकलं, ग्रीसनं कोणी मरत नाही. ते घेऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. क्लबवाल्यांनी माझ्यापासून तिचं मरण पाच दिवस लपवलं. तिला जिवंतपणी सोडलं होतं ते मी, आणि तेही कोणी न सांगता.

किती वेळ गेला माहीत नाही. फोन वाजला. यानिना.

‘मावशी, बरी आहेस ना? एक विचारू? मंगळवारी मी शहरातून तिला बघायला आले, तर तिनं दार लावून घेतलं आणि तुला निरोप पाठवला. मला बाहेर काढलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. काय म्हणत होती गं?’

शेडच्या दारात मायदाना उभा होता. त्याच्या हातात अजून माझी किल्ली होती.

‘ग्रीसचा डबा,’ मी म्हटलं. ‘पिठाच्या पोत्यावर ठेवला म्हणून ओरडत होती.’

‘चार मिनिटं?’

‘चार मिनिटं.’

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. ‘आई म्हणजे ना,’ ती म्हणाली. ‘पण बरं झालं गं, मावशी. निदान तुमचं शेवटचं बोलणं नेहमीसारखंच झालं.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘नेहमीसारखंच.’